मोठे झाड पाडण्यासाठी चेनसॉचा बार किती इंची घ्यावा?

चेनसॉ, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट कटर मशीन म्हणतात ते यंत्र, आता खान्देशात केवळ वखारवाल्यांकडे राहिलेले नाही. बांधावरचा वाळलेला निंब काढायचा असतो, विहिरीच्या काठावरची बाभूळ आत झुकलेली असते, किंवा रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात एखादे जुने झाड केळीच्या बागेवर आडवे होते आणि ते तोडल्याशिवाय बागेत पाऊल ठेवता येत नाही. अशा वेळी मजूर मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा स्वतःचे मशीन बरे, असा विचार करून शेतकरी दुकानात जातो आणि समोर मांडलेल्या मशीनपैकी ज्याचा बार, म्हणजे चेन ज्याच्या कडेने फिरते ते पुढचे लांब पाते, सर्वांत लांब दिसतो ते उचलून आणतो. झाड मोठे म्हणून बार मोठा, हा हिशेब वरवर पाहता बरोबर वाटतो. मात्र मशीन अडकणे, इंजिन तापणे, चेन वारंवार बोथट होणे आणि मशीन उसळून अंगावर येणे या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा गरजेपेक्षा लांब बारच असतो. काम सुरक्षितपणे पूर्ण होईल असा सर्वांत आखूड बार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कसा ठरवायचा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

मशीनचा विचार करण्याआधी परवानगीचा विचार करावा. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन, खैर यांसारखी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नगरपालिका व महापालिकांच्या हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. तलाठी कार्यालयात किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करून लेखी परवानगी हातात आल्यावरच पुढचे काम सुरू करावे.

पहिली पायरी : जाडी मोजणे, तीही कापायच्या उंचीवर

आपल्याकडे झाडाचे माप घेराने सांगतात. ‘सात फुटी निंब’ म्हटले की सात फूट घेराचा निंब असे सगळ्यांना कळते. बारची लांबी ठरवायला मात्र घेर उपयोगी पडत नाही, त्यासाठी आरपार जाडी लागते. घेराला 3.14 ने भागले की जाडी मिळते. चार फूट घेराचे झाड साधारण 15 इंच जाड असते, पाच फुटांचे 19 इंच, सहा फुटांचे 23 इंच, आठ फुटांचे साडेतीस इंच आणि दहा फुटांचे 38 इंच. शेतात उभ्या-उभ्या हिशेब करायचा असेल तर फुटांतल्या घेराला चाराने गुणावे. येणारा आकडा खऱ्या जाडीपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

दोरी किंवा टेप कोणत्या उंचीवर गुंडाळायची, हे मापाइतकेच महत्त्वाचे आहे. वनखाते झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजते, आणि वखारवालाही सौदा करताना बहुधा तिथलेच माप सांगतो. प्रत्यक्षात काप मात्र जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर घेतला जातो आणि तिथे बुंधा पुष्कळ रुंद झालेला असतो. जुन्या चिंचेच्या बुंध्याला मुळांकडून वर चढत आलेल्या घड्या असतात. छातीजवळ 24 इंच जाडी भरलेली चिंच खाली सहज 30 इंचांच्या पुढे जाते. त्यामुळे माप कापायच्या रेषेवरच घ्यावे. बुंधा गोल नसून चपटा असेल, तर दोन्ही बाजूंना काठ्या उभ्या करून त्यांच्यामधले अंतर टेपने मोजावे आणि रुंद बाजूचा आकडा धरावा. एखादी घडी फारच बाहेर आलेली असेल तर ती आधी वेगळी कापून बुंधा गोल करून घेता येतो. मात्र बुंधा आतून कुजलेला असेल तर घडीला हात लावू नये, कारण अशा झाडाला त्या घड्यांचाच आधार असतो. कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंध्यावर चारही बाजूंनी ठोकून पाहावे. भरीव लाकडाचा आवाज ठणठणीत येतो आणि पोकळ लाकडाचा घुमतो.

माप घेत असतानाच बुंध्यावरून हात फिरवून खिळे आणि काटेरी तार शोधावी. बांधावरच्या झाडांना कुंपणाची तार ठोकण्याची आपली जुनी सवय आहे, आणि दहा-पंधरा वर्षांत साल त्या तारेवरून वाढून ती पूर्ण झाकून टाकते. सालीवर आडवा वळ किंवा गंजाचा काळा ओघळ दिसला तर त्या उंचीवर काप घेऊ नये. मान वर करून आग्या मोहोळ आहे का, हेही पाहावे. मशीनच्या आवाजाने माशा उठल्या तर हातात चालू चेनसॉ घेऊन पळण्याची वेळ येते.

दुसरी पायरी : बारवरचा आकडा नीट समजून घेणे

18 इंची, 20 इंची असे जे म्हटले जाते ती बारची कापणारी लांबी असते, म्हणजे मशीनच्या पुढच्या भागापासून बारच्या टोकापर्यंतची. बारची पूर्ण लांबी त्याहून काही इंच जास्त असते, कारण मागचा भाग मशीनच्या आत नटांखाली दाबलेला असतो. दुकानात सुटा बार टेपने मोजून घेणारे इथेच फसतात. शिवाय मशीनच्या तोंडाशी लाकडाला रोवायची दातेरी पट्टी असेल तर तीही थोडी लांबी खाते, आणि टोक लाकडाच्या पलीकडे थोडे बाहेर आल्याशिवाय काप पूर्ण होत नाही. म्हणून एकाच बाजूने उभे राहून काप पूर्ण करायचा असेल तर बार झाडाच्या जाडीपेक्षा निदान दोन इंच लांब असावा. 16 इंच जाडीच्या बाभळीला 18 इंची बार पुरतो आणि 18 इंच जाडीच्या निंबाला 20 इंची.

या नियमाने गेल्यास तीस इंचांच्या आंब्याला 32 इंची बार लागेल, असा निष्कर्ष निघतो आणि नेमका तोच टाळायचा आहे. जाड झाड दोन्ही बाजूंनी कापता येते. त्यामुळे बार जाडीच्या दोनतृतीयांश असला तरी सरावलेल्या माणसाचे काम अडत नाही. 20 इंची बारने 30 इंचांपर्यंतचे झाड पाडता येते. त्याची रीत सहाव्या पायरीत येईल.

तिसरी पायरी : इंजिन किती बार ओढू शकेल

बार लांब झाला की लाकडात एकाच वेळी रुतणारे दाते वाढतात, चेनचे वजन वाढते आणि घर्षणही वाढते. इंजिनाची ताकद मात्र तेवढीच राहते. उदाहरणार्थ, 72 ड्राइव्ह लिंकच्या, म्हणजे बारच्या खोबणीत फिरणाऱ्या 72 कड्यांच्या, साध्या चेनला 36 दाते असतात. बार पूर्ण रुतला की त्यांतले जवळजवळ निम्मे एकाच वेळी लाकूड खरवडत असतात. इंजिनाला ते ओढवले नाही की चेनचा वेग पडतो, वेग पडला की माणूस मशीनवर जोर देतो, आणि जोर दिला की क्लच घसरून तापतो.

सर्वसाधारण अंदाज असा धरावा. 35 ते 45 सीसीच्या मशीनला 14 ते 16 इंची बार योग्य. 50 ते 60 सीसीला 16 ते 20 इंची. 60 ते 70 सीसीला 18 ते 24 इंची. 70 ते 80 सीसीच्या मशीनवर 20 ते 28 इंची बार चालतो, आणि त्यापुढचा, 30-36 इंची बार 90 सीसीच्या आसपासच्या व्यावसायिक मशीनसाठीच असतो. केवळ सीसीवर मात्र विसंबू नये. एकाच सीसीच्या दोन मशीनची प्रत्यक्ष ताकद वेगळी असू शकते, म्हणून माहितीपुस्तिकेत किलोवॅटचा आकडा पाहावा आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी सुचवलेल्या बारच्या लांबीची मर्यादा ओलांडू नये.

आपल्या बाजारात 58 सीसीची कमी किमतीची मशीन 22 इंची बारसह सर्रास मिळतात. सुबाभूळ किंवा शेवग्यासारख्या मऊ लाकडावर ती तशीही चालतात. परंतु वाळलेल्या बाभळीवर 22 इंची बार पूर्ण रुतवला की या मशीनची दमछाक होते. ज्यांच्याकडे असे मशीन आधीच आहे त्यांनी नवे मशीन घेण्याची घाई करू नये. त्याच मशीनला 18 इंची बार आणि त्याच्या मापाची चेन लावली तर ते कितीतरी मोकळेपणाने कापते.

तेलाचाही विचार याच पायरीवर करावा. बारच्या खोबणीत तेल सोडणारा पंप मशीनच्या ठरलेल्या बारपुरता असतो. लहान मशीनवर फार लांब बार बसवला की टोकापर्यंत तेल पोहोचत नाही, टोकाची कड निळी पडते आणि तिथली चक्री जाम होते. जळके इंजिन ऑइल वापरणारे पुष्कळ आहेत, पण त्यात धातूचा बारीक कीस असतो आणि तो पंप व खोबण दोन्ही झिजवतो. चेनचे तेल महाग वाटले तरी तेच वापरावे.

चौथी पायरी : लाकूड कोणते, ओले की वाळलेले

बारच्या कोष्टकांमध्ये ही बाब सहसा नसते, आणि खान्देशात तर तीच निर्णायक ठरते. सातपुड्याच्या उतारांवर आणि धुळे-नंदुरबारच्या कोरड्या टेकड्यांवर आढळणारा अंजन हा भारतातल्या सर्वांत कठीण आणि जड लाकडांपैकी एक आहे. धावडा, खैर आणि जुनी बाभूळ त्याच्या मागोमाग येतात. चिंचेचा गाभाही अत्यंत कठीण असतो. निंब, आंबा, जांभूळ मध्यम. सुबाभूळ, पांगारा, शेवगा, सावर मऊ. ओल्या झाडापेक्षा उभ्याने वाळलेले झाड कठीण जाते, आणि खान्देशच्या उन्हात दोन उन्हाळे उभी राहिलेली मेलेली बाभूळ कापताना तर दात्यांवरून ठिणग्या उडाल्याचा भास होतो.

म्हणून इंजिनासाठी सुचवलेल्या मर्यादेत मऊ लाकडाला वरचा आकडा, मध्यम लाकडाला मधला आणि कठीण किंवा वाळलेल्या लाकडाला खालचा आकडा घ्यावा. 60 सीसीच्या मशीनवर सुबाभळीसाठी 20 इंची बार ठीक, बाभळीसाठी 16 किंवा 18 इंचीच. दात्यांचा प्रकारही बघावा. कठीण, वाळलेल्या आणि धुळीने माखलेल्या लाकडाला गोलसर कोपऱ्याचे, म्हणजे सेमी-चिझल दाते टिकतात. चौकोनी कोपऱ्याचे फुल-चिझल दाते ओल्या, स्वच्छ लाकडात वेगाने चालतात, परंतु धुळीत लवकर मरतात. 24 इंचांच्या पुढच्या बारवर स्किप चेन मिळते. तिच्यात दात्यांमधले अंतर जास्त असते, म्हणजे 72 लिंकला 36 ऐवजी 24 दाते, त्यामुळे इंजिनावरचा भार कमी होतो आणि भुसा बाहेर पडायला जागा मिळते.

पाचवी पायरी : तुमच्या कामासाठी एकच बार निवडणे

आयुष्यात एकदा पाडायच्या दहा फुटी चिंचेसाठी मशीन घेऊ नये. वर्षभरात जी झाडे आणि फांद्या खरोखर कापाव्या लागतात त्यांची जाडी डोळ्यांसमोर आणावी. बहुतेक शेतांत ती आठ ते वीस इंचांच्या दरम्यान निघते. त्या माणसाला 50 ते 60 सीसीचे मशीन आणि 18 इंची बार हीच माझी शिफारस राहील. हे मशीन बांधावर तासभर हातात धरवते, फांद्या छाटताना टोक कुठे आहे ते दिसते आणि दोन्ही बाजूंनी कापून 27 इंचांपर्यंतचा निंबही पाडता येतो. वखारीसाठी किंवा ठेक्याने झाडे तोडणाऱ्यांनी 70 सीसीच्या वर जावे आणि 20 व 24 असे दोन बार ठेवावेत.

लांब बारचा सर्वांत मोठा धोका त्याच्या टोकात असतो. टोकाचा वरचा पाव भाग चालू असताना एखाद्या फांदीला, दगडाला किंवा लाकडाच्या दुसऱ्या ओंडक्याला टेकला तर चेन तिथे अडते आणि मशीन क्षणार्धात वर उसळून तोंडाकडे येते. यालाच किकबॅक म्हणतात. टोक जितके डोळ्यांपासून दूर आणि झाडाच्या पलीकडे, तितके ते कशाला टेकते आहे हे कळत नाही. पुढचा चेनब्रेक नीट चालतो की नाही हे रोज काम सुरू करण्याआधी तपासावे. डोक्यावर जाळीचे हेल्मेट, कानांवर आवाजरोधक, पायांत बंद बूट आणि चेनसॉसाठीची खास पँट असावी. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे जातो. धोतर, लुंगी, गळ्यातला रुमाल किंवा उपरणे घालून मशीन हातात घेऊ नये.

सहावी पायरी : बारपेक्षा जाड झाड कसे पाडावे

सात फूट घेराचा, म्हणजे जवळपास 27 इंच जाडीचा निंब आहे आणि तुमच्याकडे 18 इंची बार आहे, असे समजू. झाड कोणत्या बाजूला झुकले आहे, फांद्यांचा भार कुठे आहे आणि वारा कुठून आहे हे आधी ठरवावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस, जनावर किंवा वाहन नसावे. वीजवाहिनी त्या टप्प्यात येत असेल तर महावितरणच्या कार्यालयाकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नये. पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध, मागे तिरपे जाणारे दोन मोकळे रस्ते साफ करून ठेवावेत.

पडण्याच्या बाजूला खाच घ्यावी. तिची खोली जाडीच्या पाव भागाएवढी, म्हणजे इथे साडेसहा-सात इंच. 18 इंची बार पलीकडे पोहोचत नसल्याने खाच आधी एका बाजूने आणि मग फिरून दुसऱ्या बाजूने कापावी, आणि दोन्ही काप एकाच रेषेत मिळाले आहेत ना हे खाली बसून पाहावे. रेषा तिरकी मिळाली तर झाड तिरके जाते, म्हणून इथे पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

मागचा काप खाचेच्या तळापेक्षा इंच-दोन इंच वर घ्यावा. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे इथे अडीच ते पावणेतीन इंचांची पट्टी न कापता राखावी लागते. झाड पडताना ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी वळते आणि झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. झाडाच्या ज्या बाजूला उभे राहणे जास्त धोक्याचे, म्हणजे ज्या बाजूला झाड किंचित झुकलेले आहे किंवा जिथून पळायला जागा कमी आहे, ती बाजू आधी कापावी. बारच्या टोकाचा खालचा भाग लाकडाला लावून कापायला सुरुवात करावी, बार खोबणीत बसला की सरळ करत आत न्यावा, पट्टी राखून मागे कापत यावे. मग त्या कापात प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोकावी. लोखंडी पाचर चेनला लागली तर दाते तुटतात. त्यानंतर सुरक्षित बाजूला येऊन उरलेला भाग त्याच पातळीवर कापत पहिल्या कापाला मिळवावा, अधूनमधून मागून आणखी एक पाचर बसवावी आणि झाड हलू लागताच मशीन बंद करून ठरलेल्या रस्त्याने मागे सरावे. दोन्ही बाजूंचे काप वेगवेगळ्या उंचीवर गेले तर मध्ये पायरी राहते आणि झाड अडते, म्हणून खडूने बुंध्याभोवती आधीच रेषा ओढून घेणे चांगले.

झाडाची जाडी बारच्या दीडपटीच्या पुढे असेल तर खाचेच्या मधून टोक खुपसून गाभा आधी पोकळ करावा लागतो, म्हणजे बाजूंचे काप मध्यापर्यंत पोहोचतात. हे काम जमते, पण ते पुस्तकातून शिकण्यासारखे नाही. पोकळ झाड, विहिरीवर किंवा घरावर झुकलेले झाड, एकमेकांत अडकलेली दोन झाडे आणि वादळाने अर्धवट उपटून ताणाखाली असलेले झाड यांसाठी सरावलेल्या तोडणाऱ्यालाच बोलवावे, मग हातात कितीही लांब बार असो.

सातवी पायरी : बार, चेन आणि मशीन जुळवणे

नवा बार घेताना लांबी सांगून भागत नाही. पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या हे तीन आकडे लागतात. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधले अंतर. ती बहुधा 0.325 किंवा 3/8 इंच असते आणि ती मशीनच्या स्प्रॉकेटशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी, जुळावीच लागते. गेज म्हणजे बारच्या खोबणीची रुंदी, 1.3, 1.5 आणि 1.6 मिलिमीटर ही नेहमीची मापे. ड्राइव्ह लिंक जुन्या चेनवर खडूने खूण करून मोजाव्यात, कारण एकाच इंचांच्या दोन बारना वेगवेगळ्या लिंकची चेन लागू शकते. बारचा मागचा खाचा आणि तेलाचे छिद्रही कंपनीनुसार बदलते. स्टिल कंपनीचा बार हुस्कवर्ना कंपनीच्या मशीनवर सहसा थेट बसत नाही. जुना बार आणि जुनी चेन दुकानात सोबत नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. 0.325 पिचच्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. नव्या चेनबरोबर तिच्या मापाची कानसही घ्यावी.

बसवल्यावर चेन हाताने ओढली असता सहज फिरावी, पण बारच्या खालच्या बाजूला लोंबू नये. पहिल्या काही मिनिटांत ती तापून सैल होते, तेव्हा मशीन बंद करून पुन्हा ताणावी. काम संपल्यावर मात्र ती सैल करून ठेवावी, नाहीतर थंड होऊन आकसलेली चेन बारवर आणि क्रँकशाफ्टवर ताण आणते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा हे काम सकाळी लवकर उरकावे आणि पेट्रोल भरण्याआधी इंजिन सावलीत थंड होऊ द्यावे.

झाडाकडे जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. बारचे टोक सागाच्या कोरड्या पानापासून वीतभर वर धरून मशीन जरा रेस करावे. पानावर तेलाची बारीक रेघ उमटली तर टोकापर्यंत तेल पोहोचते आहे. मग पाडायच्या झाडाच्याच जातीच्या, आधी पडलेल्या जाड ओंडक्यात बार पूर्ण रुतवून एक काप घ्यावा. फक्त मशीनच्या वजनावर बार खाली उतरला, जाडसर तुकड्यांचा भुसा पडला आणि इंजिनाचा आवाज फारसा खाली आला नाही, तर जोडी जमली. भुसा पिठासारखा पडला तर दाते आधी कानशीने धार लावून पुन्हा पाहावे. धार चांगली असूनही आवाज बसत असेल आणि मशीनवर जोर द्यावा लागत असेल, तर त्या लाकडासाठी तो बार जास्त लांब आहे. त्याच मशीनला दोन इंच आखूड बार आणि त्याच्या मापाची चेन बसवून घ्यावी.